कोबुर्गचा काळा सरदार

नगरांची मानचिन्हे पाहावयाची ती मान वर करून, असा सर्वसाधारण रिवाज आहे. वेशीच्या कमानीवर, नगरभवनाच्या दर्शनी भिंतीवर, उत्सवात फडकणाऱ्या ध्वजावर ती विराजमान झालेली असतात. परंतु जर्मनीतील बव्हेरिया प्रांताच्या उत्तर टोकाला, इट्झ नदीच्या काठी वसलेल्या कोबुर्ग या गावी येणाऱ्या पाहुण्याला तेथील मानचिन्हाची पहिली ओळख पुष्कळदा घडते ती मान खाली घातल्यावर. फरसबंदी रस्त्यातून चालताना गटारांच्या लोखंडी झाकणांवर एक ओतीव मुखवटा दिसतो. तो एका आफ्रिकी पुरुषाचा असतो. हाच चेहरा मग ध्वजावर, सरकारी कागदांवर आणि फलकांवर पुनःपुन्हा भेटतो. सोनेरी ढाल, तिच्यावर बाजूला तोंड केलेले काळे मस्तक, कुरळे केस, जाड लाल ओठ आणि कानात सोन्याची बाळी. सुमारे एकेचाळीस हजार वस्तीच्या या गौरवर्णी गावाने आपली ओळख म्हणून हा काळा चेहरा का धारण केला असावा, असा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात उभा राहिल्यावाचून राहत नाही.

हा प्रश्न एका मराठी घरात उभा राहिला तो मात्र कुतूहल म्हणून नव्हे. सातारकडचे एक गृहस्थ यंत्रांच्या कारखान्यातील नोकरीच्या निमित्ताने २०१८ साली सहकुटुंब कोबुर्गला येऊन राहिले. त्यांची कन्या त्या वेळी आठ वर्षांची होती. रंगाने सावळी, केस दाट आणि कुरळे, स्वभाव अबोल. नवी भाषा तिने तीन महिन्यांत आत्मसात केली. परंतु हिवाळा तोंडावर आला तेव्हा तिच्या आईच्या एक गोष्ट लक्षात आली. शाळेतून येता-जाता मुलगी वाटेतील प्रत्येक झाकणाला वळसा घालून चाले. इतर मुले त्या झाकणांवरून उड्या मारीत जात, ही मात्र त्यांच्याकडे पाहण्याचेही टाळी.

पुष्कळ खोदून विचारल्यावर कारण बाहेर पडले. वर्गातील एका मुलाने त्या लोखंडी चेहऱ्याकडे बोट दाखवून, “ही बघ, तू!” असे म्हटले होते, आणि बाकीची मुले हसली होती. त्या मुलाच्या मनात दुष्टावा असेलच असे नाही. मुलांना साम्य दिसते आणि ती बोलून मोकळी होतात. पण ज्याच्यावर पाय देऊन लोक जातात त्या चेहऱ्याशी आपले साम्य आहे, हे आठ वर्षांच्या जिवाला कळले तेव्हा त्याला काय वाटले असेल, याची कल्पना कोणाही आईबापाने करावी.

“बाबा, तो कोण आहे?” तिने त्या रात्री विचारले.

“काही नाही गं. जुने चित्र आहे. तू लक्ष देऊ नकोस,” असे म्हणून वडिलांनी विषय संपविला. वस्तुतः त्यांनाही ते ठाऊक नव्हते. रोज सकाळी त्या चेहऱ्याखालून आणि त्या चेहऱ्यावरून ते कामावर जात होते. परंतु तो कोणाचा, हे विचारावे असे त्यांना कधी वाटले नव्हते. परक्या गावात राहणाऱ्या माणसाची ही एक सवय असते. तो त्या गावच्या बसगाड्यांचे वेळापत्रक पाठ करतो, बाजारभाव शिकतो, कायदे समजून घेतो. पण गावाच्या स्मृतीत डोकावण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे मनोमन धरून चालतो.

हा संकोच मोडला तो मुलीच्या आजीने. पुढच्या वर्षी, म्हणजे २०१९ च्या उन्हाळ्यात, त्या साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी लेकाकडे आल्या. भाषा येत नसल्याने त्यांचा सारा दिवस पाहण्यात जाई, आणि ज्याला बोलता येत नाही त्याची नजर अधिक तीक्ष्ण होते. दुसऱ्याच दिवशी बाजारचौकात त्या ध्वजासमोर थबकल्या. “अरे, या गोऱ्यांच्या निशाणावर हा काळा कोण? आणि कानात भिकबाळी घातलेला! कोणी मातब्बर सरदार असला पाहिजे,” त्या म्हणाल्या. लेकाला उत्तर देता येईना. “एक वर्ष झाले तुला इथे येऊन, आणि ग्रामदैवत कोण ते तू विचारले नाहीस?” या आईच्या प्रश्नाने ते वरमले. त्या आठवड्यापासून बापलेकींनी मिळून या चेहऱ्याचा शोध आरंभला. ग्रंथालयातील पुस्तके मुलगी वाचून दाखवी, अवघड शब्द वडील कोशात पाहत, आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी आजीला त्या दिवसाची कथा मराठीत सांगितली जाई.

आजींचा तर्क बराचसा खरा ठरला. तो सरदारच होता. ख्रिस्ती परंपरेत त्याला संत मॉरिशियस म्हणतात. जर्मन लोक मॉरित्स म्हणतात. कथा तिसऱ्या शतकाच्या अखेरीची आहे. रोमन साम्राज्याच्या सैन्यात मिसर देशातील थीब्स प्रांताकडून आलेली एक पलटण होती, आणि तिच्यातील सारे शिपाई ख्रिस्ती होते. मॉरिशियस हा त्यांचा नायक. सम्राट मॅक्सिमियन याने इ. स. २८६ च्या सुमारास ही पलटण आल्प्स पर्वतापलीकडे बोलाविली. तेथे आपल्याच धर्मबांधवांचा छळ करण्याची आज्ञा झाली. सैनिकांनी ती मानली नाही. तेव्हा दर दहा शिपायांतील एक वेचून मारण्यात आला. उरलेल्यांनी पुन्हा नकार दिला, पुन्हा दहावा माणूस मारला गेला, आणि अखेरीस सारी पलटण कापली गेली. परंपरा तिची संख्या ६,६०० सांगते. हातात शस्त्र असूनही त्यांनी ते उचलले नाही, हे या कथेचे मर्म आहे.

ही कथा लिओंचा बिशप युकेरियस याने पाचव्या शतकात लिहून ठेवली. घटनेनंतर दीडशे वर्षांनी लिहिलेल्या वृत्तांताच्या तपशिलांविषयी इतिहाससंशोधक साशंक आहेत, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या ठिकाणी हा संहार झाला असे मानतात, त्या स्वित्झर्लंडमधील ऱ्होन नदीच्या खोऱ्यात इ. स. ५१५ मध्ये एक मठ स्थापन झाला आणि तो आजतागायत चालू आहे. दर वर्षी २२ सप्टेंबर हा दिवस या संताचा म्हणून पाळला जातो. त्याचे नाव तर कोठल्या कोठे गेले. युरोपातील अनेक राजपुत्रांना ते ठेवले गेले. त्यांपैकी मॉरित्स या डच राजपुत्राच्या नावावरून डच खलाशांनी १५९८ साली हिंदी महासागरातील एका बेटाला मॉरिशस असे नाव दिले. पुढे एकोणिसाव्या शतकात ज्या बेटावर ऊसमळ्यांत राबण्यासाठी मराठी माणसे जहाजांतून नेण्यात आली, ते हेच. हे ऐकून आजी म्हणाल्या, “म्हणजे हा तर आपल्या माणसांच्या आधीच तिथे जाऊन बसला होता!”

आता हा संत काळा कसा झाला, हा प्रश्न उरतो. प्रारंभीच्या काही शतकांतील चित्रे पाहिली तर त्यांत मॉरिशियस इतर कोणत्याही रोमन योद्ध्याप्रमाणे गौरवर्णी दाखविलेला आढळतो. परंतु त्याच्या नावातच एक बीज होते. लॅटिन भाषेत ‘मॉरस’ म्हणजे आफ्रिकेच्या उत्तर भागातील रहिवासी. जर्मनमधील ‘मोर’ हा शब्द त्याच मुळापासून निघाला आणि तो पुढे सर्वच कृष्णवर्णीयांना लावला जाऊ लागला. नाव आणि मिसरची जन्मभूमी ही दोन्ही सूत्रे एकत्र आली ती माग्देबुर्ग या नगरात. सम्राट पहिला ओटो याने ९३७ साली तेथे या संताच्या नावाने मठ स्थापिला, आणि पुढे त्याच्या अस्थी आणविल्या. त्याच नगराच्या महामंदिरात १२४०–५० च्या सुमारास एका अज्ञात शिल्पकाराने मॉरिशियसची पाषाणमूर्ती घडविली. अंगात साखळीचे चिलखत, मस्तकावरूनही तेच कवच, आणि त्यातून दिसणारा स्पष्ट आफ्रिकी चेहरा, शांत आणि सावध. काळ्या वर्णाचा मॉरिशियस युरोपच्या कलेत दिसतो तो येथपासून. ही मूर्ती आज भग्न आहे, पाय नाहीत. तरी तिच्या छायाचित्रासमोर ती मुलगी बराच वेळ बसून राहिली. “याला पाहून कोणी हसणार नाही,” एवढेच ती म्हणाली.

कोबुर्गमधील सर्वांत जुने प्रमुख मंदिर याच संताचे. त्याचे दोन मनोरे उंचीने असमान आहेत, त्यामुळे गावात कोठूनही ते ओळखू येते. १५३० साली धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याने गावावरच्या किल्ल्यात सुमारे सहा महिने मुक्काम केला. ऑग्जबुर्ग येथे साम्राज्याची सभा भरली होती, आणि बहिष्कृत म्हणून त्याला तेथे जाता येत नव्हते. त्या वर्षीच्या ईस्टरच्या दिवसांत त्याने या मंदिरात प्रवचने केली. ल्यूथरच्या पंथाने संतांची पूजा बंद केली. परंतु संताचे नाव मंदिराला राहिले आणि त्याचा चेहरा गावाला राहिला. पूजा थांबली तरी ओळख थांबली नाही.

देवळातील संत ढालीवर कसा आला, हेही समजून घेण्यासारखे आहे. मध्ययुगात युरोपातील योद्धे लोखंडी शिरस्त्राणाने तोंड झाकून लढत. आपला कोण आणि परका कोण हे कळावे म्हणून ढालीवर चित्र काढण्याची चाल पडली. पुढे ती घराण्यांची, आणि नंतर नगरांची निशाणी झाली. आपल्याकडील मराठी राज्यात मुद्रा मुख्यतः अक्षरांची असे. जे वाचता येई त्यावर भर होता. तिकडे ती चित्राची झाली. जे दुरून दिसेल त्यावर भर होता. म्हणून या शास्त्राचा पहिला नियमच असा की सोने आणि रुपे हे धातू मानावे, तांबडा, निळा, हिरवा, काळा हे रंग मानावे, आणि धातूवर धातू वा रंगावर रंग कधी ठेवू नये. सोनेरी ढालीवर काळे मस्तक ठेवले की ते रणांगणाच्या या टोकावरून त्या टोकाला ओळखू येते. हा चेहरा उत्तर मध्ययुगापासून कोबुर्गच्या नगराचिन्हात आहे. अर्थात तो काढणाऱ्या बहुतेकांनी आफ्रिकी माणूस जन्मात पाहिलेला नसावा. त्यांनी ऐकीव खुणा एकत्र केल्या: काळा रंग, कुरळे केस, जाड ओठ, कानात बाळी. माग्देबुर्गच्या शिल्पकाराने एक माणूस घडविला. ढालीवरच्या चित्रकारांनी एक जात रेखाटली. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरला.

गावाने आपल्या संताशी सलगीही केली. बाजारचौकातील नगरभवनाच्या शिखरावर मॉरिशियसची एक मूर्ती आहे, आणि तिच्या हातात सेनापतीचा दंड आहे. कोबुर्गचे भाजलेले सॉसेज प्रसिद्ध. ते सरलकाष्ठाच्या शंकूंच्या विस्तवावर भाजतात. या सॉसेजची कायदेशीर लांबी म्हणजे संताच्या हातातील दंडाची लांबी, असे लोक सांगतात, आणि त्या पवित्र मूर्तीला ‘सॉसेजवाला बुवा’ अशा अर्थाच्या लाडक्या नावाने ओळखतात. आजी शाकाहारी असल्या तरी या गोष्टीवर त्या मनापासून हसल्या. ज्या देवाची थट्टा करता येते तोच देव आपला असतो, हे पंढरीच्या वाटेवर वाढलेल्या बाईला कोणी शिकवावे लागत नाही.

पण या कथेत एक काळे पान आहे, आणि वडिलांनी ते मुलीपासून लपविले नाही. कोबुर्ग हे हिटलरच्या पक्षाला फार लवकर वश झालेले गाव. ऑक्टोबर १९२२ मध्ये हिटलर आपल्या अनुयायांसह येथे आला आणि रस्त्यांवर मारामाऱ्या झाल्या. १९२९ साली येथील नगरसभेत त्याच्या पक्षाला बहुमत मिळाले. असे बहुमत देणारे हे जर्मनीतील पहिले नगर. वंशशुद्धीचा मंत्र जपणाऱ्या या मंडळींना आपल्या ध्वजावर आफ्रिकी मस्तक कसे सहन व्हावे? १९३४ साली ते काढून टाकण्यात आले. त्याच्या जागी काळ्या आणि सोनेरी अशा दुभागलेल्या ढालीवर एक उभी तलवार आली, आणि तिच्या मुठीच्या टोकावर स्वस्तिक. ज्या संताची कीर्ती शस्त्र खाली ठेवल्याबद्दल होती, त्याला हाकलून नेमके शस्त्र त्याच्या जागी बसविले गेले. आणि ज्या शुभचिन्हाने सातारच्या उंबरठ्यावर रांगोळी पुरी होते, त्याची ही विटंबना ऐकून आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, “गावातल्या लोकांनी काही म्हटले नाही?” या प्रश्नाला वडिलांजवळ उत्तर नव्हते. त्या अकरा वर्षांत गावातील ज्यू कुटुंबांची वाताहत झाली. ढालीवरचा परका आधी गेला, आणि मग घरातले ‘परके’ गेले, एवढे मात्र खरे.

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य कोबुर्गात शिरले, आणि नाझी राजवटीबरोबर ती तलवारही गेली. जुना काळा सरदार परत आला. पराभूत, लज्जित आणि उपासमारीने गांजलेल्या गावाने कोणता चेहरा पुन्हा धारण केला, हे ध्यानात घेतले म्हणजे गावकऱ्यांना तो इतका प्रिय का, याचा काहीसा उलगडा होतो. त्यांच्या लेखी तो चेहरा म्हणजे त्या अकरा वर्षांना दिलेले उत्तर आहे.

ही सारी हकीकत ज्या रात्री पुरी झाली, त्या रात्री आजींनी नातीला जवळ घेतले. “अगं, आपला विठोबा काळाच की. राम सावळा, कृष्ण सावळा. काळ्या रंगाला का लाजायचे?” त्या म्हणाल्या. यावर मुलीने जे विचारले त्याने घरात शांतता पसरली. “मग आजी, तू मला रोज आंघोळीला साय आणि बेसन का लावतेस?”

प्रश्न साधा होता, पण तो जर्मनीतील कोणत्याही शाळकरी मुलाच्या बोलण्यापेक्षा खोल गेला. ज्या समाजाने काळ्या दगडातील देवाला कपाळ टेकले, त्याच समाजाच्या विवाहविषयक जाहिरातींत ‘गोरी’ हा शब्द गुणांच्या यादीत पहिला येतो. बारशाला जमलेल्या बायका पाळण्यात डोकावून आधी रंगाचा निर्णय देतात. मुलीच्या आईलाही लग्नाच्या वेळी “रंग जरा दबलेला आहे, पण नाकडोळे नीटस” असे प्रशस्तिपत्र मिळाले होते, आणि ते देणाऱ्या आजीच होत्या. सून काही बोलली नाही. आजींनीही उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी बेसनाची वाटी मात्र आली नाही, आणि त्यानंतर कधीच आली नाही.

ही गोष्ट येथेच संपली असती. परंतु पुढच्याच वर्षी, २०२० च्या उन्हाळ्यात, सारे गाव या चेहऱ्यावरून वादात पडले. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय गृहस्थाचा मे महिन्यात पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला, आणि जगभर जुन्या पुतळ्यांची व चिन्हांची झडती सुरू झाली. कोबुर्गचे मानचिन्ह बदलावे, अशा मागणीवर सह्या गोळा होऊ लागल्या. हे जाड ओठ, ही बाळी म्हणजे गुलामांच्या व्यापाराच्या आणि वसाहतींच्या काळातील उपहासचित्र आहे. ज्याचे तोंड असे रंगविले जाते त्याला विचारा ते कसे वाटते, असे मागणी करणाऱ्यांचे म्हणणे. लागलीच उलट बाजूचाही अर्ज निघाला. हा उपहास नव्हे, सन्मान आहे. हा आमचा संत आहे. त्याला एकदाच काढले होते ते नाझींनी, आणि आता पुन्हा त्याला काढावयाचे काय, असे गावकऱ्यांचे म्हणणे. नगराने आपले चिन्ह बदलले नाही. काळा सरदार आजही ढालीवर आहे.

टाळेबंदीमुळे त्या उन्हाळ्यात आजींना येता आले नाही. दूरध्वनीवर लेकाने त्यांना वादाची बातमी दिली आणि आपलेही मत सांगितले. लहानपणी सुट्टीत ते मुंबईला मामांकडे जात, तेव्हा भायखळ्याच्या संग्रहालयात एक भव्य संगमरवरी पुतळा त्यांनी पाहिला होता. तो व्हिक्टोरिया राणीचा पती आल्बर्ट याचा. हा राजपुत्र मूळचा या कोबुर्गचाच. १८१९ मध्ये गावाजवळच्या एका वाड्यात त्याचा जन्म झाला. कोबुर्गच्या बाजारचौकातही त्याचा पुतळा उभा आहे, आणि १८६५ साली त्याचे अनावरण करावयास खुद्द राणी आली होती. मुंबईचे ते संग्रहालय १८७२ साली राणीच्या आणि त्याच्या नावाने उघडले. १९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. भाऊ दाजींनीच त्याच्या उभारणीसाठी झीज सोसली होती. नाव बदलले, पण आल्बर्टचा पुतळा दालनात तसाच राहिला. “कोणी आपल्याला काढून टाकले असे त्या पुतळ्यालाही वाटू नये, आणि आपल्या माणसाचे नाव दाराशी नाही असे मुंबईकरालाही वाटू नये. इथेही तसे काही करता येईल,” लेक म्हणाला.

“ते खरे, पण पोरीला विचारलेस का?” आजी म्हणाल्या.

पोरीला विचारले. ती तेव्हा दहा वर्षांची झाली होती. दोन्ही बाजूंचे म्हणणे तिने वाचले होते, आणि तिचे मत कोणत्याच अर्जात नव्हते. “चिन्ह काढायला नको, पण नुसते डोकेच का? तो सरदार आहे ना? मग त्याला चिलखत द्या, हात द्या, पाय द्या. आणि गटारावरून काढा.”

वडिलांना यावर बोलावयास फारसे सुचले नाही. सारे आयुष्य ज्यांनी चिन्हशास्त्राला वाहिले त्यांच्याजवळ धातू आणि रंगांचे नियम असतात, इतिहासकारांजवळ सनावळी असते. त्या मुलीजवळ एक वर्षभर झाकणांना घातलेला वळसा होता. चिन्हाचा अर्थ ते कोणी कोणत्या हेतूने रेखाटले एवढ्यावर ठरत नाही. ते ज्याच्या वाट्याला येते त्याला ते काय करते, यावरही ठरतो. कोबुर्गच्या गावकऱ्यांचा अभिमान खोटा नाही, आणि त्या मुलीचे दुःखही खोटे नाही. सन्मान म्हणून मांडलेला चेहरा उपहासाच्या रेषांनी काढला गेला, एवढी गोष्ट दोन्ही बाजूंनी एकदा मान्य केली, तर सन्मान राखून रेषा सुधारता येतात.

गाव ते केव्हा करील हे गावाच्या हाती. त्या मुलीने आपल्यापुरते ते केले आहे. शाळेत ‘आमचे गाव’ या विषयावर चित्र काढावयाचे होते तेव्हा तिने सोनेरी ढालीवर एक पूर्ण सैनिक काढला. रंग काळा, अंगात माग्देबुर्गच्या मूर्तीसारखे साखळीचे चिलखत, कानात भिकबाळी, कारण ती आजींना आवडली होती. तलवार म्यानात आहे. ते चित्र वर्गाच्या भिंतीवर लागले. ज्या मुलाने पूर्वी बोट दाखविले होते, त्याने त्या चित्रासमोर उभे राहून, “हा कोण?” असे विचारले, आणि तिने त्याला थीब्सच्या पलटणीची सबंध गोष्ट सांगितली. त्याने ती पूर्वी कधी ऐकली नव्हती. आपल्या गावच्या रस्त्यावर कोणाचा चेहरा आहे, हे त्याला एका मराठी मुलीकडून कळले.

रस्त्यातील झाकणांवर ती अजूनही पाय देत नाही. मैत्रिणी उड्या मारीत पुढे जातात आणि ती वळसा घालून त्यांना गाठते. पण आता ती मान खाली घालून पाहते आणि क्षणभर थांबते. आजी पुन्हा आल्या तेव्हा त्याही नातीबरोबर वळसा घालू लागल्या. जुन्या पद्धतीच्या बाईला त्यात वावगे काही वाटले नाही. देवळाच्या उंबऱ्यावर पाय देऊ नये हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते.